दोत्से मास्तरांचा एकच साबण

"साबण एकच न्यायचा," दोत्से मास्तर म्हणाले. स्वयंपाकघरातला तराजू त्यांनी अंगणातल्या टेबलावर मांडला होता आणि त्यावर फीफीचे मोजे ठेवून ते तोंड वाकडं करत होते. "अंगाला तोच, डोक्याला तोच, भांड्यांना तोच, कपड्यांना तोच. साबणाचं खातं तुझ्याकडे. नीट निवड."

"आणि दातांना?" फीफी गमतीनं म्हणाला.

मास्तरांनी मोजे खाली ठेवले. "चांगला प्रश्न विचारलास. दातांनाही तोच."

फीफी आन्सा राजधानीत, आक्र्याला, विम्याच्या कचेरीत कामाला होता आणि मास्तरांच्या मुलीला, यायराला, मागणी घालायला तिच्या गावी आला होता. गावाचं नावच 'हो', पण मास्तरांच्या तोंडून तो शब्द काढणं भल्याभल्यांना जमलं नव्हतं. "मास्तर, मी आणि यायरा..." एवढं फीफी बोलतोय तोच त्यांनी विचारलं होतं, "सायकल चालवतोस?" अशा वेळी माणूस जे उत्तर देतो तेच फीफीनं दिलं. मग यायरानं त्याला स्वयंपाकघरामागे गाठून सगळं समजावून सांगितलं. माणूस ओळखायचा तर त्याच्याबरोबर सायकलवरून डोंगरात जावं, तंबूत झोपावं, चढावर तो कुठल्या शिव्या देतो ते ऐकावं, असा बाबांचा सिद्धांत. तिच्या आधीच्या एका स्थळानं उशी आणली होती. मास्तरांनी त्याला अर्ध्या वाटेवरून उशीसकट ट्रोट्रोत, म्हणजे वडापच्या गाडीत, बसवून परत पाठवलं.

"म्हणजे आपलं लग्न साबणावर अडलंय?" फीफीनं विचारलं.

"उशीपेक्षा बरं," यायरा म्हणाली.

आक्र्याला परतल्यावर फीफीनं साबणाचा ध्यास घेतला. कचेरीत ज्याला त्याला विचारून झालं. एक म्हणाला, कपड्यांच्या साबणाची लांब वडी घे. फीफीनं ती घेऊन अंघोळ केली आणि दोन दिवस त्याला कोपर दुमडता येईना. दुसऱ्यानं गुलाबाच्या वासाचा साबण सुचवला. त्यानं धुतलेल्या ताटातल्या मासळीला गुलाबाचा वास आला आणि फीफीच्या घरमालकिणीनं ती मासळी खिडकीतून मांजरीला टाकली. मांजरीनं हुंगून ती परत आणून दिली. परदेशी बाटलीतला, खास भटक्यांसाठी बनवलेला म्हणे, तोही त्यानं पाहिला. पण त्यावर लिहिलं होतं, पाण्यात मिसळून वापरा. पाणी वाहून न्यायचं म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा कसा होईल ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

शेवटी माकोला बाजारात काळ्या साबणाच्या ढेपा रचून बसलेली एक मावशी त्याच्या मदतीला आली.

"कशासाठी पाहिजे?"

"सगळ्यासाठी."

"बायकोला विचारून ये."

"अजून नाही झाली, मावशी. ह्या साबणावरच ठरायचंय."

मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ढेपेचा एक चांगला दणदणीत तुकडा तोडून दिला. "कोकोच्या सालींची राख, खोबरेल आणि वर मध घातलाय. आमच्या घरी तान्ह्या बाळापासून सासूपर्यंत सगळ्यांना हाच. बाळं गुटगुटीत आहेत. सासूही काही जात नाही."

सायकलवरच्या सफरीचा पहिला दिवस फीफीचा होता. डोंगराच्या चढावर त्यानं शिव्या दिल्या त्या फक्त आपल्या मातृभाषेत, फांतेत, आणि मास्तरांना ती येत नव्हती. संध्याकाळी त्यांनी ओढ्यावर साबणाची कसून परीक्षा घेतली. भेंडीच्या रश्श्यानं बुळबुळीत झालेलं पातेलं लख्ख निघालं. सदरेही निघाले. दातांना जरा राखेची चव आली, पण मास्तर म्हणाले, आमच्या लहानपणी राखच होती. डोक्याची चाचणी मात्र फीफीच्या वाट्याला आली, कारण मास्तरांचा चेहरा कुठे संपतो आणि डोकं कुठे सुरू होतं हे ठरवणारा एक केसही त्यांच्याकडे शिल्लक नव्हता.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या शब्दकोशात याच्या वर दुसरी पदवी नव्हती. फीफी त्या रात्री सुखानं झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ते टोडोमेला पोचले. डोंगराच्या कुशीतलं गाव. त्याच्या पुढच्या दिवशी रताळ्याएवढ्या नव्हे, मांडीएवढ्या कंदांचा सण होता आणि गावभर लगबग चालली होती. गावात तंबू ठोकायचा तर आधी टोग्बेंना, म्हणजे गावच्या राजाला, मुजरा करणं आलं, आणि मुजऱ्याबरोबर दारूची बाटली ठेवणं आलं. पण काचेची बाटली जड म्हणून मास्तरांनी दारू खोकल्याच्या औषधाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतून आणली होती.

टोग्बे पाहुण्यांशी थेट बोलत नसत. ते पुटपुटत आणि शेजारी काठी धरून उभा असलेला त्यांचा भालदार ते गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगे. भालदारानं बाटली उजेडात धरून पाहिली.

"टोग्बे विचारतात, आजारी कोण आहे?"

मास्तरांनी वजनाचं गणित समजावलं. टोग्बे बराच वेळ पुटपुटले.

"टोग्बे म्हणतात," भालदारानं एवढंच सांगितलं, "शाळेमागे जागा आहे."

शाळेमागे झरा होता. तिथे दोघांनी अंघोळी उरकल्या, आणि मास्तरांनी ओला साबण नेहमीप्रमाणे एका सपाट दगडावर उन्हात ठेवला. हा त्यांचा खास शोध होता. साबण पाणी धरतो; ओला साबण पिशवीत टाकणं म्हणजे पाणी चढावर वाहणं.

"मास्तर, खिशात ठेवू का मी?" फीफी म्हणाला. "इथे शेळ्या फार दिसतायत."

"शेळ्या साबण खात नाहीत."

"पण ह्याच्यात खोबरेल आहे. मधही आहे."

"फीफी," मास्तर शांतपणे म्हणाले, "मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंय."

पदार्थविज्ञानात बोकडावर धडा नसतो. दोघं तंबूच्या खुंट्या ठोकत असताना एक पांढरा, धिप्पाड बोकड तुटलेलं दावं ओढत झऱ्यावर आला. त्यानं दगड हुंगला. साबणाचा अर्ध्याहून मोठा घास घेतला, तो चवीनं चघळला आणि वर झऱ्याचं पोटभर पाणी प्यायला.

शाळेपुढच्या झाडाखाली चर्चच्या बायका उद्याच्या गाण्याची तालीम करत होत्या. सूर टिपेला पोचला होता. तेवढ्यात शाळेच्या कोपऱ्यावरून बोकड आला. त्याच्या तोंडाभोवती शुभ्र फेसाची दाढी होती, आणि तो शिंकला की नाकातून फुगे उडत होते.

"पिसाळला!" एक बाई किंचाळली. "बोकड पिसाळला!"

बाकं उलटली. सगळ्यांत जाडजूड मावशी सगळ्यांत आधी झाडावर होती, आणि ती तिथे कशी चढली हे तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. कोयते घेऊन माणसं धावली, पण पिसाळलेल्या जनावराच्या जवळ जाणार कोण? "तू हो पुढे," "तुझा कोयता लांब आहे," अशी त्यांची आपसात नम्रता चालली होती. बोकड बिचारा स्वतःच भेदरलेला. ज्या वासामागे तो गेला होता तोच वास त्याला आता फीफीच्या अंगाला आला, आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा तो बँ बँ करत थेट फीफीच्या मागे लागला. फीफी पळाला. तो चर्चला वळसा घालून राजाच्या अंगणात शिरला, आणि मागोमाग बोकडानं येऊन टोग्बेंच्या पायावर एक भलामोठा फुगा शिंकला.

टोग्बे पाय आखडून घेऊन पुटपुटले. मग भालदाराचा आवाज घुमला.

"टोग्बे म्हणतात, हा बोकड टोग्बेंचा आहे. उद्याच्या जेवणाचा आहे. सकाळी ठणठणीत होता. मग खोकल्याचं औषध घेऊन दोन परके आले."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. 'औषध' हा शब्द सगळ्यांनी उचलला. कुणी म्हणालं, बोकड पुरून टाका. कुणी म्हणालं, आधी सायकली पुरा. एकानं पाहुण्यांकडेही जरा विचारपूर्वक पाहिलं.

तोवर मास्तर धापा टाकत पोचले. त्यांनी परिस्थिती पाहिली, घसा साफ केला आणि फेस म्हणजे काय, पाण्याचा पृष्ठभाग कसा ताणला जातो, यावर व्याख्यान सुरू केलं. पहिल्या दोन वाक्यांतच कोयतेवाले जांभया देऊ लागले.

"टोग्बे विचारतात, मुद्दा काय?"

"मुद्दा असा, की त्यानं साबण खाल्लाय."

"कुणाचा साबण?"

मास्तरांनी कोयत्यांकडे पाहिलं. दगडाची गोष्ट त्यांच्या ओठांपर्यंत आली, पण बाहेर पडताना तिचं भलतंच झालं. "साबणाचं खातं," ते म्हणाले, "माझ्या होणाऱ्या जावयाकडे आहे."

फीफीच्या कानांवर फीफीचा विश्वास बसेना. होणारा जावई! महिनोन् महिने ज्या शब्दासाठी त्यानं मोज्यांचीसुद्धा वजनं करू दिली, तो शब्द अखेर मिळाला होता. मिळाला तो आरोपीच्या पिंजऱ्यात, हे खरं. पण त्याच्या अंगात एकदम दहा बोकडांचं बळ आलं. तो झऱ्यावर धावत गेला आणि उष्टा राहिलेला साबण घेऊन परतला. त्यावर दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

"टोग्बे म्हणतात, माणसं साबणानं धुतात. साबण खाऊन कुणी पिसाळल्यासारखा होतो, हे टोग्बेंनी कधी पाहिलेलं नाही."

"मग आता पाहा," फीफी म्हणाला, आणि त्यानं साबणाचा लचका तोडला.

सुरुवातीला खोबरेल लागलं. मग मध. मग राख, आणि राखेमागून जे काही आलं त्याला फांते भाषेतसुद्धा शब्द नव्हता. त्यानं पाण्याचा घोट घेतला. ओठांच्या कडांनी पांढरा फेस आला, हनुवटीवर उतरला, सदऱ्यावर ओघळला. मागोमाग येऊन पोचलेल्या चर्चच्या बायका ओरडल्या, आणि एकीनं फोन वर धरला. टोग्बे आसनातून पुढे झुकले.

"टोग्बे विचारतात, चव कशी आहे?"

"ग्लुब," फीफी म्हणाला.

टोग्बे आणखी काही पुटपुटले. भालदाराचे खांदे हलत होते, पण आवाज जागेवर होता. "टोग्बे म्हणतात, एकावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित हाही पिसाळला असेल. मास्तरांनी विज्ञान शिकवलंय. प्रयोग पुन्हा करून दाखवावा."

मास्तरांनी साबणाकडे पाहिलं. साबणाची एक बाजू बोकडानं खाल्लेली, दुसरी फीफीनं. त्यांनी तिसरी बाजू शोधली, डोळे मिटले आणि घास घेतला. आयुष्यभर ज्या माणसाच्या तोंडून मोजके शब्द निघाले, त्याच्या तोंडून आता अमाप फेस निघू लागला. त्यांना उचकी लागली. प्रत्येक उचकीला नाकातून एक फुगा, आणि एक फुगा तर संध्याकाळच्या उन्हात सातही रंग दाखवत टोग्बेंच्या डोक्यावर धरलेल्या मानाच्या छत्रीपर्यंत तरंगत गेला.

टोग्बे हसले. आधी पोटात, मग खांद्यांत, मग मोठ्यानं, इतके की छत्रीवाल्याला त्यांना सावरावं लागलं. आणि रीतभात विसरून ते थेट बोलले, "पुरे! पुरे! पाणी द्या रे त्यांना!"

फेसाआडून मास्तर काहीतरी सांगू पाहत होते. तोंड धुतल्यावर ते बाहेर आलं. "टोग्बे, साबण दगडावर मी ठेवला होता. ह्यानं नको म्हटलं होतं."

फीफीनं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर आभाळाकडे पाहत होते.

सणाच्या जेवणाला दुसरा बोकड ठरला. हा पांढरा कुणी खाईना. बायका म्हणाल्या, रश्श्याला फेस येईल. सकाळी निरोप घ्यायला दोघं गेले तेव्हा बोकड दाराशी नव्या दाव्यानं बांधून तयार होता.

"टोग्बे म्हणतात," भालदार म्हणाला, "पाहुण्यांनी आतून धुतलेला बोकड पाहुण्यांनीच न्यावा. टोग्बेंच्या भेटीला नाही म्हणायचं नसतं."

मग काय! मास्तरांच्या सायकलवरच्या पिशव्या फीफीच्या सायकलवर गेल्या आणि मास्तरांच्या कॅरियरवर टोपलीत बोकड बसला. चढावर मास्तरांनी ज्या शिव्या दिल्या त्या एव्हे भाषेत होत्या, तरी फीफीला सगळ्या कळल्या. साबण संपलेला. आदल्या रात्रीची ताडतेलाची भांडी तशीच, सदरे तसेच, अंगं तशीच. रस्त्यात लागलेल्या दुकानात साबण मिळत होता, पण ते दिसताच दोघांनीही पायडल जोरात मारलं.

जवळच्या वाटेनं दुपारी ते होला घरी पोचले. यायराच्या आईनं फाटक उघडलं, नाकाला पदर लावला आणि तिघांना आळीपाळीनं हुंगलं.

"यायराचे बाबा, हे काय?"

"बोकड."

"तो दिसतोय. वास कुणाचा?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तिनं बोकडाचं दावं हातात घेतलं. "तिघांत ह्याचाच वास बरा आहे," ती म्हणाली. बोकडाला आत घेतलं आणि फाटक लावून टाकलं. थोड्या वेळानं भिंतीवरून पाण्याची एक बादली बाहेर आली.

दोघं पायरीवर बसले. मास्तर चाकाचे आरे मोजल्यासारखं करत होते.

"फीफी, टोडोमेचं घरात बोलायचं नाही."

"कुठलं, मास्तर?"

"सगळंच. फुगे तर मुळीच नाही."

"मी कशाला बोलतोय? मी घरचाच माणूस ना?" फीफी म्हणाला. "म्हणजे, मी काल तसं ऐकलं."

मास्तरांनी खोल श्वास घेतला आणि लगेच पस्तावले. "मार्चमध्ये करू लग्न."

"त्याआधीचा डिसेंबर बरा पडेल."

"बरं. डिसेंबर."

तेवढ्यात भिंतीपलीकडून यायराचं खिदळणं ऐकू आलं. "आई, लवकर ये! टोडोमेच्या चर्चमधल्या बायकांचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्या फोनवर आलाय. अगं, बाबा बघ! बाबांच्या नाकातून फुगे!" मग आईचं हसू. मग शेजारच्या घरातलं. मग त्याच्या पलीकडच्या घरातलंही.

मास्तर ताठ बसले. "मार्च," ते म्हणाले.

"डिसेंबर," फीफी म्हणाला, आणि बादली उचलून आधी स्वतःच्या डोक्यावर ओतली.