जुना बुश

सिद्धाराम आमच्याकडं भाड्यानं राहायला आला, त्या दिवशी त्यानं खोली बघितलीच नाही. आधी पाण्याच्या मोटारीला कान लावला. म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग मला म्हणाला, "बेअरिंग गेलंय की ओ काका."

पोरगं सीमेकडच्या वळसंग गावचं, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. आईशी फोनवर कन्नड, माझ्याशी मराठी. मी चौथी पास, जन्म यंत्रमागावर गेला, पण असला नग बघितला नव्हता. सात रस्ता चौकात सिग्नलवर त्यानं शेजारच्या माणसाच्या स्कूटरला स्क्रूड्रायव्हर लावला. माणूस खवळला, "चोर हाईस काय रं?"

"न्हाय ओ. बेअरिंग गेलंय."

मला खोकला झाला तर माझ्या छातीला लावायला आला. म्हटलं, "सरक तिकडं! सगळंच गेलंय माझं, ऐकायचं काय त्यात?"

इंटर्नशिपला टॉवेलच्या कारखान्यात गेला. तिथं महिनाभर घड्या घालायला लावलं. जेवणाच्या सुट्टीत हा मागांना कान लावत फिरायचा. कामगार त्याला 'डॉक्टर' म्हणायला लागले. त्यातनंच प्रोजेक्ट निघालं: आवाजावरनं मशीनचं दुखणं ओळखायचं. कॉलेजचे सर म्हणाले, खरं बिघडलेलं मशीन आण, आमच्यासमोर दुरुस्त कर, तरच पास. कारखान्याचा मालक माग देईना. आणि घरातलं एकूण एक मशीन या शहाण्यानं आधीच दुरुस्त करून ठेवलेलं!

एक सोडून. माझ्या बायकोचं, सुशीलाचं शिलाई मशीन. ती जाऊन दोन वर्षं झाली. दांड्यातला बुश, म्हणजे आतली कडी, झिजलाय; पायडल मारलं की ते खटक-खटक वाजतं. आवाज थांबला की चहा येणार, हे मला चाळीस वर्षं पाठ. अजून दुपारी मी ते रिकामंच चालवतो. दोरा न्हाय, कापड न्हाय. सिद्धारामनं एकदा विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्यानं गपचूप स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

प्रोजेक्टसाठी त्यानं ते मागितलं नाही. मीच म्हटलं, "ने की. वर्ष घालवतोस का?"

"काका, आवाज जाईल की ओ."

"माणूस गेलं. आवाजाचं काय घेऊन बसलास?"

बोललो खरा. रिक्षा वळेपर्यंत दारात उभा राहिलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मशीन परत आलं. "पास झालो काका! सर म्हणले, लई गुळगुळीत चालतंय."

"बरं झालं."

"बसा की. चालवून बघा."

नको होतं. तरी बसलो, पाय मारला. खटक-खटक.

"अरे गाढवा, दुरुस्त केलं न्हाईस?"

"केलतं की. सरांसमोर नवा बुश घातला, मार्क घेतले. येताना जुना परत बसवला." कान खाजवत म्हणाला, "नवा डबीत हाय. लागला तर सांगा."

किती वेळ पायडल मारत होतो, कुणास ठाऊक. थांबलो, तर आतनं कपबशी वाजली. सिद्धाराम चहा घेऊन आला.

चहा लई गोड केलता. म्हटलं, "साखरेचं बेअरिंग गेलंय बघ तुझ्या."