माळेचा खुलासा

पुसेगावच्या मसाजीनं सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, काल्याचं कीर्तन रंगात आलेलं असताना, महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतली. आमच्याकडं 'अमक्यानं माळ घातली' म्हटलं की त्यानं दारू सोडली, हे निराळं सांगावं लागत नाही. पाच महिने झाले. मसाजी शेरडं घेऊन गुत्त्यावरून जायचा, तेव्हा शेरडं सवयीनं थांबायची. तो थांबायचा नाही.

घोटाळा फॉर्मनं केला. ग्रामसेवक दत्तप्रसाद यांनी व्यसनमुक्त गाव स्पर्धेच्या अर्जात मसाजीच्या नावापुढं 'माळ घातली' असं लिहिलं. अर्ज वरून परत आला : सदर वाक्प्रचाराचा अर्थ व उगम पुराव्यानिशी कळवावा.

अर्थ दत्तप्रसादांनी कळवला. उगम शोधायला तिघांची समिती जीपमधून आली.

"दारू माळेनं सुटते, का तुमच्यानं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते ठावं न्हाई साहेब," मसाजी म्हणाला. "आख्ख्या गावापुढं घातली हाय. गिलासाकडं हात जायच्या आधी हिच्याकडं जातो."

हे उत्तर कोणत्याच रकान्यात बसेना. सबब माळ तपासणीसाठी ताब्यात घेण्यात आली व मसाजीला रीतसर पावती देण्यात आली : 'तुळशीची माळ, नग एक, वापरलेली.'

त्याची बायको सिंधूबाई जीपपुढं उभी राहिली. "माळ नेऊन राहिले, मंग सांजच्याला ह्यायला कोन धरंल? तुमी?"

ही बाब समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती.

सांज झाली. मसाजी ओट्यावर बसून रिकामा गळा चाचपत होता. मग उठला, पायात चप्पल सरकवली. सिंधूबाईनं पावतीची घडी केली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि हातपंपावरच्या बायांच्या देखत त्याच्या गळ्यात बांधली. मसाजीनं चप्पल काढली.

महिन्यानं अहवाल आला. समितीनं माळ नेली त्याच दिवशी परतीच्या वाटेवर, कळमनुरी रोडच्या एका धाब्यावर, शास्त्रीय चाचणी घेतली होती. तिन्ही सदस्यांनी आळीपाळीनं माळ घालून पाहिली. मद्यप्राशनात कसलाही अडथळा आला नाही. खात्रीसाठी चाचणी पुन्हा घेण्यात आली. निष्कर्ष : माळेचा व दारू सुटण्याचा संबंध आढळून येत नाही.

अहवालासोबत माळही आली. तिला वास येत होता. सिंधूबाईनं ती धुतली, तुळशीपाशी वाळत घातली आणि म्हणाली, "संगत वंगाळ लागली बिचारीला. फुडच्या सप्त्यात महाराजाला सांगून आधी हिचीच दारू सोडवू."

मसाजी अजून पावतीवरच आहे. त्याचं पाहून गावातले आणखी काही जण पावती मागायला येतात. दत्तप्रसाद प्रत्येकाला एकच विचारतात, "जमा करायला गळ्यात काय हाय?" बहुतेक तिथूनच माघारी फिरतात.

पावतीसाठी अर्ज तुम्हालाही करता येईल. फक्त येण्याआधी गळा चाचपून पाहा.