पुलावर थांबलेला ठिपका

“आईला लोकेशन देऊ नकोस,” नवऱ्याने बजावलं होतं. “ती नुसती बघत बसणारी बाई नाही.”

सुनेने ते हसण्यावारी नेलं. तिची नोकरी कंत्राटी, ती कायम होणार की सुटणार हे आजच्या मुलाखतीवर होतं. वाटेत सारखे “कुठपर्यंत आलीस?” असे फोन नकोत, म्हणून तिने सासूबाईंच्या मोबाइलवर नकाशातला स्वतःचा ठिपका चालू करून दिला, आपला फोन सायलेंट केला आणि गाडी काढली.

ठिपका शहाण्यासारखा निघाला, कोपऱ्यावर वळला, पुलावर चढला आणि तिथेच बसला. सासूबाईंनी नातवाला भरवलं, आंघोळ घातली, कपडे चढवले. ठिपका हलेना. फोन लावला तर सून उचलेना.

“अहो, ती पुलाच्या मधोमध थांबलीय. खाली पाणी आहे!”

“म्हणून तर पूल बांधलाय,” सासरे पेपराआडून म्हणाले.

“चपला घाला.”

गाडीने तासभर धुसफुसत जे अंतर कापलं होतं, ते सासूबाईंनी नातवाला कडेवर घेऊन बोलता बोलता पार केलं. मागे सासरे, खांद्याला बाळाची पिशवी. मोबाइल चार्जिंगला लावलेला घरीच राहिला. पुलावर वाहनं अशी गच्च बसलेली की हॉर्नलासुद्धा जागा नव्हती.

आता खरी पंचाईत. सुनेची गाडी पांढरी, एवढंच सासूबाईंना ठाऊक; आणि बघावं तिकडे पांढऱ्याच गाड्या. दुसरी कुणी रडकुंडीला येऊन माघारी फिरली असती. सासूबाईंनी पहिल्यापासून काचा वाजवायला घेतल्या.

“माझी सून पाहिलीत का? उंच आहे, चष्मा आहे, काळजी फार करते.”

कितव्या तरी गाडीत मागच्या सीटवर एक बाई घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली. बाळाने लगेच त्यांचा चष्मा धरला.

“सोड रे! अहो, हिच्या आईची आज मुलाखत... याच्या आईची. माझं डोकंच चालत नाही. ती मुलाखत घेणारी बाई म्हणे भारी कडक आहे.”

“असं कोण म्हणतं?”

“सूनच. आरशासमोर सराव करते ना रोज. आणि उशीर झाला तर दारातूनच परत पाठवते म्हणे. आता ती बसली असेल आरामात एसीत!”

“एसीत आहे,” बाई म्हणाल्या, “पण आराम नाही.” त्या खाली उतरल्या आणि ड्रायव्हरला गाडी सावकाश आणायला सांगून सासूबाईंच्या बरोबरीने निघाल्या.

पुढे आठ-दहा गाड्या सोडून सून स्टिअरिंगला सांगत होती, “अडचणीत मी शांत राहते,” आणि हॉर्न दाबत होती. काचेवर टकटक झाली. “पुढे जागाच नाही, दिसत नाही का तुम्हाला!” ती ओरडली, आणि मग मुलाखत घेणाऱ्या बाईंना, त्यांच्या शेजारी सासूबाईंना आणि आपल्या बाळाला ओळखून तशीच उघड्या तोंडाने बसून राहिली.

“उतरा,” बाई म्हणाल्या. “चालता चालता बोलू.”

“आणि गाडी?”

“हे आणतील,” सासूबाईंनी सासऱ्यांकडे बोट केलं.

“मी?” सासरे दचकले.

“चालवता येते ना?”

“लायसन्स आहे.”

“मग झालं तर.”

सासूबाई सगळ्यांत पुढे. एका कडेवर नातू, दुसरा हात वर. फुटपाथवर चढलेले स्कूटरवाले तो हात बघून गुपचूप खाली उतरत होते. मागून येणाऱ्या दोघींना वाट आपोआप मोकळी मिळत होती.

“अडचण आली की तुम्ही काय करता?” बाईंनी विचारलं.

सुनेने महिनाभर घोकलेलं उत्तर ओठांवर आणलं. मग पुढे चाललेल्या त्या पाठीकडे बघितलं.

“यांना लोकेशन देते,” ती म्हणाली.

बाई भर पुलावर मोठ्याने हसल्या आणि ऑफिसच्या पायऱ्या चढता चढता नोकरी कायम झाली. सासूबाईंनी वर बाळासाठी ऑफिसातला पंखा वाढवून घेतला, सुनेच्या खुर्चीला उशी मागून घेतली आणि सगळे रिक्षाने आनंदात घरी आले. दार उघडल्यावर पेपर दिसला, माणूस दिसला नाही.

तेव्हा तुमचं त्या पुलावरून जाणं झालं, तर पांढऱ्या गाड्यांतून जरा डोकावून बघा. खांद्याला बाळाची पिशवी अडकवून एक गृहस्थ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले असतील. पिशवीत बिस्किटं आहेत, पण ती बाळाची म्हणून ते खाणार नाहीत. काही खाल्लंय का, तेवढं विचारा.