मांडवकरांचे दोन ठोके

गेल्या हिवाळ्यातल्या एका बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, श्रीवर्धनमधल्या एका लहान सभागृहात, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर गणपत मांडवकर यांनी खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर तिकिटाच्या पंचाने दोन ठोके दिले आणि म्हणाले, "पुढे सरका." चार वाजून अकरा मिनिटांनी पारूबाई चोगले उठल्या, हातातली सुपारी जमिनीवर ठेवली आणि निघून गेल्या.

मांडवकर माझे शेजारी. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हा एस.टी.च्या घंटीचा कायदा त्यांनी निवृत्तीनंतरही चालू ठेवला होता. तिकिटं मशीनवर आली तरी जुना पंच त्यांनी खिशातून काढला नाही. मी एखादी हकीकत लांबवली की ते टेबलावर एक ठोका देत. मी गप्प बसे. दोन ठोके पडले की पुढे बोलायचं. भाजीच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्मशानाच्या वाटेवरही ते म्हणाले होते, "पुढे सरका, मागे माणसं उभी आहेत."

सभागृहात ते आले ते तक्रार घेऊन. एका संस्थेच्या अनघाताई तिथे पाच दिवसांचं शिबिर घेत होत्या. वादळात किंवा समुद्रात ज्यांचं काही गेलं आहे अशा माणसांनी गोल बसून बोलायचं, आणि त्या गोलाला सांभाळणारी माणसं गावातच तयार करायची, असा बेत होता. मांडवकरांनी दारातून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, खुर्च्यांनी मधली वाट अडवलीय. माणूस उतरणार कसा?"

अनघाताई म्हणाल्या, "हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. बसा."

ते बसले. चौदा अंगणवाडी सेविका आणि आशाताईंमध्ये एकटे पुरुष. मी तिथे होतो, कारण खुर्च्या मांडायला आणि चहा आणायला माणूस हवा होता. मी पेपरात लिहितो, म्हणून माझी वही दाराबाहेर ठेवण्याची अट होती.

शिबिरातली प्रत्येक गोष्ट मांडवकर एस.टी.च्या भाषेत समजून घेत. कुणाला बोलायला भाग पाडायचं नाही, असं अनघाताईंनी सांगितलं. "बरोबर. हात धरून कुणाला गाडीत चढवायचं नाही." वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे. "विनंती थांबा." सल्ला द्यायचा नाही. यावर ते म्हणाले, "म्हणजे कंडक्टरने स्टिअरिंगला हात लावायचा नाही." अनघाताईंनी ते फळ्यावर लिहिलं.

ज्याच्या हातात वस्तू त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्यासाठी अनघाताईंनी एक गुळगुळीत गोटा आणला होता. मांडवकरांना तो पटला नाही. "दगड हातात दिला तर आमची माणसं बोलतील का भांडतील?" दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेतली एक सोललेली सुपारी आणली. शब्द द्यायचा तर इथे सुपारीवर देतात, म्हणून ती सगळ्यांना मान्य झाली.

अडचण एकच होती. शांतता.

"कुणी गप्प बसलं तर बसू द्यायचं," अनघाताई म्हणाल्या.

"मॅडम, एकतीस वर्षं मी पाहिलंय. गप्प बसलेला प्रवासी म्हणजे विनातिकीट."

सगळे हसले. अनघाताईही हसल्या, पण नंतर म्हणाल्या, "मांडवकर, तुमच्या स्वतःच्या हातात सुपारी आली की तुम्ही काय करता?"

ते काय करत हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मी ड्युटीवर आहे," म्हणत आणि सुपारी शेजारच्याला देत. "कंडक्टरला तिकीट नसतं."

शिबिर संपल्यावर दर बुधवारचं वर्तुळ मांडवकरांकडे आलं. अनघाताई नुसत्या येऊन बसत, चहा माझ्याकडेच राहिला. वेळ चार ते पाच. चारला दोन ठोके, पाचला एक. अनघाताईंनी पंच घरी ठेवायला सांगितलं होतं. ते हो म्हणाले होते.

पारूबाई मासळी बाजारात बसतात. त्यांच्या नवऱ्याची होडी तीन वर्षांपूर्वी परत आली नाही. हे गावाला माहीत आहे, म्हणून इथे लिहितो. दोन बुधवार त्या नुसत्या ऐकत बसल्या. तिसऱ्या बुधवारी त्यांनी सुपारी हातात ठेवली, अर्धं वाक्य बोलल्या आणि थांबल्या. दोन मिनिटं कुणी हललं नाही. मग मांडवकरांचा हात खिशाकडे गेला. पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

त्या संध्याकाळी ते अनघाताईंना म्हणाले, "मला मेमो द्या."

"मेमो नाही. पण पंच घरी."

"मी तिच्या दारात जाऊन माफी मागतो."

"नको. तुम्ही दारात गेलात की तिला तुम्हाला माफ करावं लागेल. ते आणखी एक ओझं. जागा ठेवा. यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

पुढच्या बुधवारी दाराशेजारी एक खुर्ची वेगळी ठेवलेली दिसली. तिच्या पाठीवर मांडवकरांनी पाटी चिकटवली होती : महिलांसाठी राखीव. अनघाताईंनी ती काढली. "पाटी नको. नुसती खुर्ची."

त्याच आठवड्यात मांडवकर माझ्या दारात मांदेलीची पिशवी घेऊन उभे राहिले. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही.

"हे काय?"

"बाजारात गेलो होतो. बाजारात कुणीही जाऊ शकतं."

त्यानंतर दर दोन दिवसांनी मासळी येऊ लागली. बोंबील, कोळंबी, पुन्हा मांदेली. तिसऱ्या आठवड्यात माझी बायको म्हणाली, "तुमच्या मांडवकरांना सांगा, आम्हाला डाळभातही आवडतो." मी सांगितलं नाही.

एकदा मी त्यांच्या मागे रांगेत होतो. पुढे चार बायका घासाघीस करत होत्या. मांडवकर पाऊण तास उभे राहिले. पुढे सरका, असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सुरमई उचलली, कल्ले उघडून रंग पाहिला, पोटाला बोट लावून पाहिलं.

पारूबाई बघत होत्या. "माळ घालून कल्ले बघतो व्हय, कंडक्टर? कुनी शिकवला?"

"बायको खायची. परसात वेगळी चूल होती तिची. बाजार मी करायचो."

"आनी आता?"

"आता शेजारी खातात."

पारूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यो पेपरवाला? म्हनून फुगलाय." मग सुरमई कापली, पिशवीत भरली आणि त्यांच्या हातात दिली. सभागृहाचा विषय कुणीच काढला नाही.

मांडवकरांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्या आजारी पडल्या तेव्हा मांडवकर नोकरीत होते. एकही दिवस रजा न घेता त्यांनी नोकरी पुरी केली, याबद्दल निरोपसमारंभात त्यांना नारळ आणि शाल मिळाली. हेही गावाला माहीत आहे.

पारूबाई उठून गेल्या त्यानंतरच्या सातव्या बुधवारी, चार वाजायला तीन मिनिटं असताना, त्या आल्या. दाराशेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "ही कुनाची?"

"जो बसेल त्याची," मांडवकर म्हणाले.

त्या बसल्या. दार उघडंच होतं. पंच त्या दिवशी घरी होता. मांडवकरांनी खिसे उलटे करून अनघाताईंना दाखवले होते.

सुपारी फिरली. काही बोलले, काहींनी नुसती पुढे दिली. पारूबाईंनी ती थोडा वेळ तळव्यात धरली, काही बोलल्या नाहीत आणि शेजारी मांडवकरांकडे दिली.

"मी ड्युटीवर..." मांडवकरांनी सुरुवात केली.

"ड्युटी सपली तुमची," पारूबाई म्हणाल्या. "मावरं नेताना ड्युटीवर व्हता का?"

कुणी हसलं नाही. मांडवकरांनी सुपारीवर मूठ मिटली. उजवा हात खिशाकडे गेला, तिथे काही नव्हतं, तो परत मांडीवर आला. मी घड्याळ पाहिलं : चार वाजून बत्तीस मिनिटं. अनघाताई जमिनीकडे पाहत होत्या. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी पारूबाई म्हणाल्या, "सावकास. मागं कुनी उभा न्हाय."

त्यानंतर मांडवकर बोलले. वर्तुळात बोललेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम त्यांनीच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलेला आहे. त्यामुळे ते इथे नाही. बाकीचा मजकूर मी त्यांना आणि पारूबाईंना वाचून दाखवला आहे. फुगलाय हा शब्द काढू का, असं मी विचारलं होतं. पारूबाई नको म्हणाल्या.

वर्तुळाची वेळ पाचपर्यंत होती. मांडवकरांच्या हातातून सुपारी पुढच्या हातात गेली तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.