आप्पांचा सुतकातला चहा

आमच्या घराण्यात सुतक पाळणे हा अपराध होता, आणि तो मी केला. चोरून केला आणि कित्येक वर्षे वडिलांपासून लपवला.

वडील म्हणजे आप्पा. लक्ष्मीपुरी पेठेतले गुळाचे व्यापारी. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे. ज्याच्या अंगावर लिंग आहे त्याला विटाळ शिवत नाही, ही आमच्या लिंगायतांची श्रद्धा. बहुतेकांनी ती पोथीत ठेवली होती. आप्पा तिला घेऊन गल्लोगल्ली हिंडत. कुणाकडे मरण झाले की दहा दिवस शेजारी तिथल्या पाण्यालाही शिवत नसत. आप्पा मात्र दुसऱ्या सकाळी तिथे हजर. घोंगड्यावर मांडी घालून फर्मावीत, "च्या टाका. साखर नगं, गूळ घाला. गूळ न्हाय? थांबा, आणलाय." आणि कोटाच्या खिशातून ढेपेचा फोडलेला खडा निघे.

शेजारच्या मालूमावशीचा नवरा गेला तेव्हा तिची सासू ओरडली, "आप्पा, इटाळ हाय घरात!"

"म्हातारे, इटाळ मला बघून पळतोय. तू कप दे."

चूल पेटवावी लागली. पेटली म्हणून मालूमावशीच्याही पोटात कपभर चहा गेला. तोवर तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता.

घरातही तोच खाक्या. आई महिन्याचे चारही दिवस चुलीपाशी असे. शेजारणी नाके मुरडीत, तेव्हा आप्पा मुद्दाम उंबऱ्यात बसून गल्लीला ऐकू जाईल असे म्हणत, "आज आमटी झ्याक झालीया!" मी मात्र शाळेत सांगत असे की आमची आईही बाजूला बसते. मला चारचौघांसारखे वडील हवे होते.

आई गेली तेव्हा मी कागलच्या कचेरीत नुकताच लागलो होतो. दुसऱ्या दिवशी आमचे साहेब समाचाराला येणार होते. आप्पांनी पहाटेच स्वतः चहाचे पातेले चढवले आणि भिंतीशी कप मांडले. आयुष्यभर ज्यांच्या घरी ते गेले, ती माणसे आज येणार, याविषयी त्यांना शंका नव्हती. सुतकाच्या घरात चहाचे कप फिरताना पाहून साहेब काय म्हणतील, याची मला भीती होती. मी दारात उभा राहिलो.

पहिली आली मालूमावशी. "सरक बाजूला. आज तुझ्या बापाच्या हातचा च्या पिऊनच जाणार हाय मी."

"मावशी, नको," मी हळूच म्हणालो. "आई जाताना सांगून गेली, माझं सुतक पाळा म्हणून. आप्पांपुढं बोलू नका, त्यांना लागेल."

जिने जन्मभर कसलाच विटाळ मानला नाही, तिच्या तोंडी मी हे घातले. मावशीचे डोळे भरले. तिने गल्लीलाही बजावले. दिवसभर माणसे आली, बसली, आणि आप्पांनी पुढे केलेला कप प्रत्येकाने हात जोडून परत केला. साहेबांनीही घेतला नाही. संध्याकाळी आप्पांनी पातेले मोरीत रिकामे केले. "लोकं दमलेली असत्याल," एवढेच म्हणाले.

पंधरवड्यात पलीकडच्या गल्लीत कुणी गेले. आप्पा कोट चढवू लागले. मला राहवले नाही. "आप्पा, त्यांनी आपल्याकडं घेतला नाही. तुम्ही कशाला जाता?"

"त्येंनी न्हाय घेतला म्हणून त्येंच्या घरातलं माणूस परत येणार हाय व्हय?" आप्पा गरजले आणि गेले. पुढेही जात राहिले. सगळी पेठ आपल्याला परके मानते, असे समजून जात राहिले. मी ते समजू दिले.

मालूमावशी वारली तेव्हा आप्पांचे गुडघे गेले होते. मी धरून नेले. घोंगड्यावर टेकताच त्यांनी तिच्या मुलाला फर्मावले, "च्या टाक. तुझ्या आईनं आमचा घेतला न्हवता, पर मी तिचा घेणार. मी सोडत नसतो." बोलताना त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला. बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. तेव्हा चहा का घेतला नाही, ते सगळ्यांना ठाऊक होते, एक आप्पा सोडून.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "आप्पा, मावशी घेणार होती. सगळेच घेणार होते. मी दारात अडवलं, आईच्या नावावर खोटं सांगून. मला तुमची लाज वाटली होती. चुकलो, आप्पा. मला क्षमा करा."