भोईर सरांचा कोफॅक्टर

भोईर सर 'कशा आहात?' असं विचारत नाहीत. 'हिरड्या दाखवा' म्हणतात. शहापूरच्या कॉलेजात मी शिकवायला लागले, त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. मी तोंड आणखी घट्ट मिटलं. त्यांनी माझ्या हातावर आवळा ठेवला.

सर जीवशास्त्र शिकवतात, पण त्यांची भक्ती एकाच एन्झाइमवर.

"कोलॅजन म्हणजे तीन पेडांचा दोर," ते एसटीच्या कंडक्टरलाही सांगतात. "कातडी, हिरड्या, हाडं, सगळं त्यानंच बांधलंय. पेड घट्ट बसायला जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवावी लागते. ते काम एन्झाइमचं. पण त्याच्या पोटात लोखंड लागतं. लोखंड गंजलं की काम बंद! गंज कोण काढणार? सी व्हिटॅमिन!"

"सर, आधी तिकीट घ्या," कंडक्टर म्हणतो.

अशा मदतनिसांना सर कोफॅक्टर म्हणतात. फळा पुसणारा मुलगाही त्यांचा कोफॅक्टर.

एकदा ते माझ्या टेबलाशी घुटमळले. "मॅडम, रविवारी मुरबाडला येता? आमच्या गावी. आईच्या पायाची जखम भरत नाय. डॉक्टर म्हणतात, खाणं सुधारा. दात नाय म्हणून आवळ्याचा रस काढून एसटीतून बाटल्या धाडतो, तर कोंबड्यांना पाजते! पण पाहुण्यासमोर ती कशाला नाय म्हणत नाय."

"मी काय बोलायचं?"

"काय नाय. तुमी नुसत्या बसा."

माझ्या गप्प बसण्याला एवढी मागणी पहिल्यांदाच आली होती.

रविवारी गेलो तेव्हा सरांच्या आई, म्हणजे आजी, ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या, घोट्याला पट्टी. सरांनी ताजा रस काढून पेला पुढे केला. आजींनी रसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पावनी आणून बसवलीस होय रे, लबाडा!"

आणि तोंड वेडंवाकडं करत पेला रिकामा केला. मग सरांसाठी आतून वाडगा आणला. आवळे मऊ होईतो उकडलेले, तुरट पाणी ओतून दिलेलं, वर गूळ. "खा. वाळलायस नुसता."

सी व्हिटॅमिन त्या पाण्याबरोबर कधीच गेलं होतं. आता व्याख्यान होणार म्हणून मी सावरून बसले. सर मान खाली घालून एकेक आवळा खात होते.

"कसं झालंय रे?"

"फस्क्लास, आये."

निघताना ते म्हणाले, "आता रोज घे हां. मी बाटल्या धाडतो."

"बाटल्या नको धाडू." आजी पट्टीचं टोक चाचपत राहिल्या. "बाटलीशी काय बोलू मी? तू हायस, तर पिते."

स्टँडवर सरांनी मला शहापूरच्या गाडीत खिडकीशी बसवून दिलं, कंडक्टरला 'मॅडमना नीट उतरवा' म्हणून सांगितलं. गाडी सुरू झाली तरी ते चढले नाहीत. परत आईच्या घराच्या रस्त्याला लागले, वाटेतल्या भाजीवालीकडे लिंबं निवडत.