नंदनवनचं आरमार

दर शनिवारी संध्याकाळी धकाते अंगणातल्या हौदात एक युद्धनौका सोडत आणि समोर स्टूल टाकून तासभर तिच्याकडे टक लावून बसत. आतून वहिनी ओरडत, "अहो, त्या पाण्यानं मले भांडे घासाचे आहेत!"

"आरमार आहे वं हे! थांब जरा."

आरमार म्हणजे अडीच हात लांबीचं एकुलतं एक जहाज. नाव वैनगंगा. समुद्र जिथून कुठल्याही बाजूला सारखाच लांब, त्या आमच्या नागपुरात, नंदनवनातल्या दोन खोल्यांत हे आरमार नांदत होतं. धकाते हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सहा दिवस कंपनीची बस, सातवा दिवस नौदल. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. कुणी त्यावरून टोचलं तर म्हणत, "समुद्र काय, शेवटी पाणीच ना गा ते!"

मी शेजारी, आणि पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा. त्यामुळे जगातल्या यच्चयावत पाण्याचा जाब मला द्यावा लागे. "साहेब, तुमी पाण्याचे माणूस. सांगा, लाट काहून येते?" मी कालवे काढतो, कालव्यात लाट येत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

जहाजाच्या पोटात टेपरेकॉर्डरची मोटर होती आणि मोडक्या ट्रान्झिस्टरचे अवयव होते. काठावर उभं राहून हातातल्या बिनतारी डब्याचं एक बटण दाबलं की वैनगंगा वळायची. दुसरं दाबलं की तिच्या तोफेतून सायकलचा छर्रा सुटायचा. दोन्ही एकदम दाबली की आळीतले सगळे रेडिओ खरखरायचे आणि बायका धकात्यांच्या नावाने बोटं मोडायच्या.

पण आरमाराला शत्रू लागतो. तो त्यांना भंगारातल्या रेडिओच्या दुकानात मिळाला. एकाच मोटरवर दोघांनी एकाच वेळी हात ठेवला, तिथून वैराला सुरुवात झाली. हे महाल भागातले टेकाडे मास्तर, निवृत्त विज्ञानशिक्षक. बायको गेलेली, मुलगा पुण्याला, चष्म्याची भिंगं चांगली जाडजूड. त्यांच्या जहाजाचं नाव कन्हान.

रविवारी सकाळी सात वाजता सक्करदऱ्याच्या तलावावर युद्ध. जहाजाच्या अंगाला दोन पदरी कापड आणि वर वार्निश, एवढंच चिलखत चालेल. पत्रा लावला तर बेइमानी. छर्रे खाऊन जो आधी बुडेल तो हरला. मग दोरीने जहाज वर ओढायचं आणि पुढचा आठवडाभर भोकं बुजवत बसायचं. धकाते कोष्ट्याच्या घरातले. त्यांनी रफू केलं की भोक नेमकं कुठे होतं ते शोधूनही सापडत नसे. "बापानं लुगडे विणले, मी जहाज विणून राह्यलो," असं ते छाती काढून सांगत.

या विणकरीनेच पहिल्या लढाईत त्यांचा घात केला होता. विणकर सुताला भाताची खळ देतात, सूत कसं ताठ होतं. धकात्यांनी वार्निश सोडून जहाजाला खळ दिली. टिचकी मारली की टणटण वाजे! "कोष्ट्याच्या हातची खळ आहे," म्हणून हौदात घालून बघायची गरजही त्यांना वाटली नाही. तलावात दहा मिनिटांत खळ भिजली, विरघळली, भाताचा वास सुटला आणि साऱ्या तलावातली मासळी पंगतीला आली. एकही छर्रा न उडता आरमार खाल्लं गेलं.

"हा माझा विजय धरायचा काय?" मास्तरांनी विचारलं.

"मासोळ्याईचा धरा!" धकाते खेकसले. ती शनिवारची हौदातली परीक्षा तेव्हापासूनची.

त्यानंतरच्या चार वर्षांत मास्तर एकदाही जिंकले नाहीत. नेम धरायच्या ऐन क्षणी त्यांच्यातला शिक्षक जागा होई. "आता पाहा, जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं..." नियम पूर्ण होईपर्यंत कन्हान तळाला गेलेली असे. मास्तर शेवटचं वाक्य बुडबुड्यांना उद्देशून म्हणत.

एका रविवारी मास्तर म्हणाले, "धकाते, डोळे चालले माझे. मुलगा पुण्याला नेतो आहे. पुढचा रविवार शेवटचा. एकदा तरी तुमची वैनगंगा बुडवायची होती."

"मंग बुडवा ना! कोणं अडवलं?"

मला भयंकर राग आला. वाटेत मी धकात्यांना झाडलंच. म्हटलं, एकदा हरलात तर काय आभाळ कोसळेल?

"साहेब, मुद्दाम वाकडा छर्रा मारला तर मास्तर वळखते. अन् दया केली असं समजलं तर त्याईच्या जिवाले लागन," ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी हौद रिकामा. स्टूलही नाही. कुंपणापलीकडून वहिनी म्हणाल्या, "काय डोक्शात घेतलं काय माहीत! गंजभर भाताची खळ शिजवाले लावली मले. काहून म्हणलं, तर म्हणे गप राय वं."

रविवारी धकाते वाघासारखे लढले. आरोळ्या काय, छर्रे काय! मग वैनगंगेच्या भोवती पाणी हळूच चुळबुळलं. मासे आले होते. ती एका अंगाला कलली आणि धकात्यांचा धीर सुटला.

"मास्तर, मारा! मारा ना गा लवकर!"

स्वतःच्या जहाजासाठी असं ओरडणारा सेनापती मी दुसरा पाहिला नाही. मास्तरांनी डोळे बारीक करून बटण दाबलं. छर्रा दोन हात अलीकडे पाण्यात पडला, आणि वैनगंगा नाकावर उभी राहून दिमाखात बुडाली.

"लागला?" मास्तरांनी माझा हात धरून विचारलं.

"मधोमध!" मी म्हणालो.

धकात्यांनी टोपी आपटली, "घात झाला!" म्हणून बोंब ठोकली. मास्तर धोतर सावरत पायरीवर चक्क नाचले. नाचून झाल्यावर त्यांनी कन्हान उचलली आणि धकात्यांच्या हातात ठेवली. "पुण्यात हिचं काय काम?"

पुढच्या शनिवारी हौदात दोन जहाजं होती. धकाते स्टुलावर.

"साहेब, जहाज चालवता येते काय?"

"नाही."

"हारता येते?"

"ते येतं."

"मंग उद्या सातले या. मास्तरच्या जागी उभं राहाचं."

मी गेलो. पाचव्या मिनिटाला माझ्या कन्हानला तीन भोकं पडली आणि ती बुडायला लागली. धकाते जिंकले, पण ओरडले नाहीत. पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "काही बोला ना साहेब. बुडता बुडता मास्तर बोलत राहात."

मला धड माहीत नव्हतं, तरी मी घसा खाकरला आणि त्यांना सांगायला लागलो, लाट काहून येते ते.